दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी: इग्निशन आणि इंजिनाचे दोष कसे शोधावेत

दीड लाख किलोमीटरहून अधिक धावलेली पेट्रोल गाडी सकाळी सुरू होण्यास वेळ घेऊ लागली, सिग्नलवर थरथरू लागली किंवा चढावर दम टाकू लागली, की बहुतेक मालक मेकॅनिकला पहिला प्रश्न विचारतात तो ‘कोणता भाग बदलावा लागेल?’ हा. इंदूरमध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या मारुती ८००, झेन, वॅगन आर, सँट्रो अशा गाड्या आजही अनेक मराठी घरांतून रोज बाहेर पडतात, आणि त्यांच्यावर होणाऱ्या खर्चाचा बराचसा भाग या प्रश्नापायी वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या गाडीत बहुधा एकच भाग बिघडतो आणि तो बदलला की गाडी पूर्ववत चालते. जुन्या गाडीत बॅटरी थोडी दुबळी झालेली असते, अर्थिंगच्या (विजेच्या परतीच्या वायरींच्या) जोडावर थोडा गंज चढलेला असतो, प्लगचा गॅप (ठिणगी पडण्याची फट) थोडा वाढलेला असतो आणि एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (मिश्रण दाबण्याची ताकद) थोडे उतरलेले असते. यांपैकी एकही उणीव एकटीने गाडी बंद पाडण्याएवढी मोठी नसते, पण थंडीच्या सकाळी त्या सगळ्या एकत्र आल्या की गाडी सुरू होत नाही. म्हणून आधी लक्षण नीट ओळखावे, मग मोजमाप घ्यावे आणि त्यानंतरच पाना हातात घ्यावा, हाच क्रम जुन्या गाडीच्या बाबतीत स्वस्त पडतो.

पेट्रोल इंजिन चालण्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात: हवा आणि इंधन यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, ते मिश्रण सिलिंडरमध्ये पुरेसे दाबले जाणे, पुरेशी जोरदार ठिणगी, आणि ती ठिणगी नेमक्या क्षणी पडणे. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सारे सेकंदाला २५ वेळा घडत असते. त्यातल्या काही वेळा मिश्रण पेटलेच नाही, की गाडी मिसिंग करते. या इंजिनाला तीनच सिलिंडर असल्याने त्यातला एक बंद पडला की एक तृतीयांश शक्ती नाहीशी होते, आणि त्यामुळे छोट्या गाडीत हा दोष मोठ्या गाडीपेक्षा अधिक जाणवतो.

तपासाची सुरुवात तीन प्रसंग वेगळे करण्यापासून करावी. सेल्फ फिरतच नाही किंवा रडतरखडत फिरतो, हा पहिला प्रसंग. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा दुसरा. इंजिन सुरू होते पण नीट चालत नाही, हा तिसरा. पहिल्यात प्लग आणि पेट्रोल यांचा काही संबंध नसतो, तरीही सेल्फ रडत असताना प्लग बदलून घेतल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नेहमी दिसतात. त्यानंतर दोष केव्हा दिसतो याची नोंद ठेवावी: इंजिन थंड असताना की तापल्यावर, फक्त पावसात की कोरड्या हवेतही, सपाट रस्त्यावर की खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट चढताना, सीएनजीवर की पेट्रोलवर. अशी नोंद आठवडाभर ठेवली, तर मेकॅनिकचा निम्मा तपास तिथेच झालेला असतो.

बॅटरी आणि अर्थिंग

सेल्फ फिरत नसेल तर साधा मल्टीमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ व्होल्ट म्हणजे ती जेमतेम अर्धी भरलेली आहे, आणि १२ च्या खाली आकडा असेल तर ती जवळपास रिकामी आहे असे धरावे. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला, तर अल्टरनेटर चार्जिंग करत आहे. एक गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे: इंदूरची बॅटरी डिसेंबरच्या गारठ्यात दगा देते, म्हणून लोक थंडीला दोष देतात, परंतु तिचे खरे नुकसान एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या उन्हात होते. उष्णतेने आतल्या पट्ट्या लवकर गंजतात आणि पाणी उडते. थंडीत ऑइल घट्ट होऊन सेल्फला अधिक करंट लागू लागला, की आधीच झालेले नुकसान उघडे पडते.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर नवा सेल्फ विकत घेण्याआधी अर्थिंग तपासावे. बॅटरीच्या उणे टोकापासून बॉडीकडे आणि इंजिनाकडे जाणाऱ्या वायरींचे जोड वर्षानुवर्षांच्या धुळीने, ओलाव्याने आणि बॅटरीच्या ॲसिडाने खराब होतात, आणि बाहेरून घट्ट दिसणारा बोल्टही आत गंजलेला असू शकतो. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या उणे टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा साधारण ०.२ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. तो अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त आला, तर जोड उघडून पॉलिश पेपरने घासून पुन्हा घट्ट बसवावा. सदोष अर्थिंगचा परिणाम फक्त सेल्फवर होत नाही. त्याच वाटेने कॉइल, सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांचाही करंट परत जात असल्यामुळे आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) वरखाली होणे, मिसिंग आणि सेन्सरची चुकीची मापे असे वरवर असंबद्ध वाटणारे दोष एकाच गंजलेल्या जोडातून निर्माण होऊ शकतात. जुन्या गाडीत मी सर्वांत जास्त संशय याच गोष्टीवर घेतो, कारण ती तपासायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

ठिणगी

कॉइल बॅटरीचे बारा व्होल्ट चढवून पंधरा ते तीस हजार व्होल्टपर्यंत नेते आणि त्या दाबाने प्लगच्या टोकावरील गॅप ओलांडून ठिणगी पडते. किती व्होल्ट लागतील हे तीन गोष्टींवर अवलंबून असते: गॅप किती मोठा आहे, सिलिंडरमध्ये दाब किती आहे आणि मिश्रण कसे आहे. एवढे समजले की बरीच लक्षणे आपोआप उलगडतात. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असल्यामुळे सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, दाब कमी राहतो आणि दुबळी ठिणगीसुद्धा काम भागवते. भेरूघाट चढताना ॲक्सिलरेटर खोल दाबला, की सिलिंडर पूर्ण भरतो, दाब वाढतो आणि तीच ठिणगी अपुरी पडते. म्हणून शहरात ठीक चालणारी आणि चढावर धक्के देणारी गाडी असेल, तर प्लग, एचटी लीड (प्लगकडे उच्च दाबाची वीज नेणारी वायर) आणि कॉइल आधी पाहावेत.

प्लगचा गॅप झिजेने हळूहळू वाढत जातो. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत तो बहुधा १ ते १.१ मिलिमीटर, तर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवलेला असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि नवा प्लगही फीलर गेजने मोजूनच बसवावा. काढलेले प्लग ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने मांडून ठेवावेत, कारण प्रत्येक प्लग आपापल्या सिलिंडरची हकीकत सांगतो. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक असेल तर ज्वलन चांगले आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. तेलकट ओला काळेपणा असेल तर ऑइल वर चढत आहे. पांढरे, भाजल्यासारखे टोक मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचे किंवा इंजिन जादा तापत असल्याचे चिन्ह असते. तीन प्लग सारखे आणि चौथा वेगळा दिसला, तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे. सगळे सारखेच काळे निघाले, तर सर्व सिलिंडरांना समान असलेल्या गोष्टीत, म्हणजे एअर फिल्टर, सेन्सर किंवा कार्ब्युरेटर यांत तो शोधावा.

एचटी लीडचे रबर कालांतराने ताठर होऊन त्याला बारीक तडे जातात. कोरड्या हवेत त्या तड्यांचा त्रास जाणवत नाही, पण जुलैच्या दमट रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन पाहिले, तर लीडवरून धातूकडे उडणाऱ्या निळसर ठिणग्या कधीकधी डोळ्यांनी दिसतात. पहिल्या पावसात मिसिंग करू लागणारी आणि उन्हात बरी होणारी गाडी बहुधा याच दोषाची असते. डिस्ट्रीब्यूटर (ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटून देणारा भाग) असलेल्या गाडीत त्याची कॅप आणि रोटर हेही पाहावेत. कॅपच्या आत कार्बनची बारीक रेघ उमटली, की ठिणगी त्या रेघेवरून चुकीच्या वाटेने निघून जाते.

लीड काढून धातूजवळ धरून ठिणगी पाहण्याची जुनी पद्धत एमपीएफआय गाडीत कधीही वापरू नये. त्यात माणसाला जबर शॉक बसू शकतो आणि ठिणगीला वाट न मिळाल्यास कॉइल किंवा इग्निटर जळू शकतो. स्पार्क टेस्टर अगदी माफक किमतीला मिळतो, तो वापरावा.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत नवी कॉइल आणण्याआधी एक बिनखर्ची परीक्षा करता येते. पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग असेल, तर त्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहावी. मिसिंगही दुसऱ्याकडे गेले, तर कॉइल खराब आहे; ते पहिल्यातच राहिले, तर कॉइल निर्दोष आहे आणि पुढची पाळी प्लगची, त्यानंतर इंजेक्टरची. काही गाड्यांत एकच कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी देते. तिथे ती जोडी एकदमच मिसिंग करू लागली, तर संशय थेट कॉइलवर किंवा तिच्या वायरीवर घ्यावा.

सीएनजी किट असलेल्या गाडीत तपास एका बाजूने सोपा होतो. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी पाडण्यास पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे थकलेली कॉइल किंवा वाढलेला गॅप आधी गॅसवरच उघडकीस येतो. गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि गॅसवर मिसिंग करते, असे असेल तर प्रथम ठिणगी आणि नंतर किटचा फिल्टर व रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) पाहावा. उलट गॅसवर ठीक आणि पेट्रोलवर खराब चालत असेल, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही इंधनांना समानच असल्यामुळे ती निर्दोष ठरतात आणि दोष पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर यांत उरतो. महिनोन्‌महिने केवळ गॅसवर चालवलेल्या गाडीचे इंजेक्टर चिकटून बसणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

तापल्यावर बंद पडणारी गाडी

अर्धा तास व्यवस्थित चालून अचानक बंद पडणारी आणि वीस मिनिटांनी पुन्हा सुरू होणारी गाडी मालकाला सर्वांत जास्त छळते, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ती थंड होऊन निमूट चालू लागलेली असते. यामागे बहुधा क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे टिपणारा), इग्निशन मॉड्यूल, कॉइल किंवा पेट्रोल पंपाची रिले यांपैकी काहीतरी असते. आतली बारीक तार तापून प्रसरण पावते, जोड तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. म्हणून हा तपास गाडी बंद पडलेल्या जागीच करावा लागतो. गाडी सुरक्षित बाजूला घेऊन चावी ऑन करावी आणि मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंदांचा घरघर आवाज येतो का ते ऐकावे. आवाज आला नाही तर फ्यूज, रिले, पंप या क्रमाने पाहावे. आवाज आला, पण सेल्फ मारताना टॅकोमीटरचा काटा जराही हलत नसेल, तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ क्रँक सेन्सरकडून ईसीयूला खबरच पोहोचत नाही असा होतो. या दोन निरीक्षणांमुळे पुष्कळदा हजारो रुपयांचा अनावश्यक पंप बदलण्याची वेळ टळते.

स्कॅनर आणि पीयूसीची चिठ्ठी

भारतात ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याच्या व्यवस्थेची) अट २०१० पासून आणि तिचा दुसरा टप्पा २०१३ पासून लागू झाला. त्याआधीच्या काही एमपीएफआय गाड्यांत डायग्नोस्टिक कनेक्टरच्या ठराविक पिना जोडल्यावर इंजिनाचा दिवा लुकलुकून कोड सांगतो, आणि कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तर कोडच नसतो. कोड मिळाला तरी तो निदान नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. पी ०३०१ एवढेच सांगतो, की पहिल्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटत नाही. कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर, जळालेला व्हॉल्व्ह किंवा कापलेली वायर यांपैकी काहीही असू शकते. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी आहे. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असते, आणि बातमी आणणाऱ्यालाच दोषी धरून तो सेन्सर बदलला जातो, तर खरे कारण फुटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा तुंबलेला पेट्रोल फिल्टर हे असते. इंजिनाचा दिवा स्थिर न राहता उघडझाप करू लागला, तर गाडी जोरात पळवू नये, कारण न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतितप्त होतो आणि वितळूही शकतो.

पीयूसीची चिठ्ठी आपण काचेवर लावतो किंवा कप्प्यात टाकून देतो, पण तिच्यावरील आकडे तपासाला खरोखर उपयोगी पडतात. बीएस-२ आणि बीएस-३ गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्का आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल, तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात आहे. तो कमी असूनही हायड्रोकार्बन खूप चढला असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे, म्हणजे ठिणगी किंवा कॉम्प्रेशन यांत खोट आहे. दोन-तीन वेळच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या, की दोष केव्हापासून वाढत गेला हेही दिसते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय

इंदूरच्या उन्हात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला अतिशय घातक वाटतो. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन सकाळी फार उशिरा तापते, ईसीयू ते थंडच आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घटते आणि सिलिंडरच्या भिंतींवरील ऑइल पेट्रोलने धुतले जाऊन झीज वाढते. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि कॅप तपासावी. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरील इंदूरमध्ये साधे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते; कॅपने धरलेला दाब आणि कूलंट यांमुळेच ते इंजिनात त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला द्रवरूप राहते. सैल झालेली स्वस्त कॅप हेच गाडी तापण्याचे कारण निघू शकते. रेडिएटरमध्ये बोअरिंगचे जड पाणी भरू नये, त्याचे क्षार आत साचून बसतात; आणि इंजिन गरम असताना कॅप कधीही उघडू नये.

कॉम्प्रेशन

ठिणगी आणि इंधन दोन्ही योग्य असूनही गाडी ओढत नसेल, तर कॉम्प्रेशन मोजण्यावाचून गत्यंतर नाही. इंजिन तापवून, सर्व प्लग काढून, कॉइल आणि पेट्रोल पंपाची जोडणी सोडवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. पुस्तिकेतला आकडा समुद्रसपाटीचा असतो. इंदूरच्या उंचीवर हवा विरळ असल्याने तो सुमारे सहा टक्क्यांनी कमी येतो, म्हणजे १७० पीएसआय अपेक्षित असताना १६० आला तर घाबरण्याचे कारण नाही. व्हॅक्यूम गेजचा (इंजिनातली हवेची ओढ मोजणाऱ्या यंत्राचा) आकडाही याच कारणाने दोनेक इंचांनी कमी दिसतो. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो, आणि तो दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय वाढला तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट यांत गळती आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले, तर गॅस्केट त्या दोघांमध्ये फुटल्याची दाट शक्यता असते.

सीएनजीवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली फट) कमी कमी होतो. टॅपेटचा आवाज गेला म्हणून मालक समाधानी होतो, पण गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, त्याची उष्णता सीटमार्गे बाहेर जात नाही आणि तो जळतो. हायड्रॉलिक टॅपेट नसलेल्या सीएनजी गाडीत गॅप पुस्तिकेतल्या अंतराने, आणि शक्य तर त्याआधीच, मोजून घ्यावा.

निळा धूर दिसला म्हणजे लगेच पूर्ण ओव्हरहॉल करावे लागेल असे नाही. सिग्नलवर थोडा वेळ उभे राहून निघताना, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना एकच झोत येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेले असतात, आणि काही इंजिनांत ते हेड न उतरवताही बदलता येतात. ॲक्सिलरेटर दाबून ठेवलेला असेपर्यंत धूर येतच राहत असेल, ऑइल हजार किलोमीटरला लिटरभर लागत असेल आणि चमचाभर ऑइलच्या परीक्षेतही रिंगाच दोषी ठरल्या असतील, तरच ओव्हरहॉलचा हिशेब मांडावा. हेड उतरवलेच तर ते लेथवाल्याकडे सपाटीसाठी तपासून घ्यावे, आणि टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलावेत, कारण त्या कामाची मजुरी तेव्हा आधीच दिलेली असते.